२९ मिनिटे : शाळेत उद्भवलेल्या तीव्र ॲलर्जीचा प्रकरण अभ्यास

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीला शाळेच्या वेळेत तीव्र प्रतिक्रिया आली. "तोंडात खाजतंय" ही तिची पहिली तक्रार आणि मांडीत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन यांच्यामध्ये २९ मिनिटे गेली. मुलगी वाचली आणि आज ती त्याच शाळेत शिकत आहे. घटनेनंतर शाळेच्या व्यवस्थापनाने तीन जणांची समिती नेमली, तिच्यात मी होते. ओळख पटू नये म्हणून पुढील नोंदीतले काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्यांमधील वेळेचे अंतर मात्र तसेच ठेवले आहे.

हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले, कारण शाळा बेफिकीर नव्हती. मुलीची ॲलर्जी ती दोन वर्षांची असल्यापासून माहीत होती आणि प्रवेशाच्या वेळीच पालकांनी ती लेखी कळवली होती. डॉक्टरांचे पत्र, मुलीचे छायाचित्र, लक्षणांची यादी, सौम्य दम्याची नोंद आणि ॲड्रेनॅलिनचे स्वयंचलित पेन (मात्रा आधीच भरलेले, मांडीवर दाबून द्यायचे इंजेक्शन) हे सगळे कार्यालयातल्या कपाटात होते. पेनाची मुदतही संपलेली नव्हती. कोणी तपासणीला आले असते, तर या शाळेला पूर्ण गुण मिळाले असते.

त्या दिवशी काय घडले

चित्रकलेचा तास १०:५० ला सुरू झाला. नेहमीच्या शिक्षिका रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी बदली शिक्षिका आल्या होत्या. "टाकाऊतून टिकाऊ" या उपक्रमासाठी मुलांनी आदल्या आठवड्यात घरून रिकामे डबे आणि बरण्या आणल्या होत्या आणि त्यांतल्या काही त्या दिवशी रंगाच्या ब्रशसाठी पाणी ठेवायला घेतल्या होत्या. एका बरणीत पूर्वी पीनट बटर होते. ती घरी विसळलेली होती, पण झाकणाच्या आट्यांमध्ये आणि काठाखाली तेलकट थर तसाच राहिला होता. मुलीला ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची सवय होती, आणि जलरंग वापरणाऱ्या लहान मुलांमध्ये ती काही दुर्मीळ नाही.

११:२० ला तिने बाईंना तोंडात खाजत असल्याचे सांगितले. बाईंनी पाणी पिऊन बसायला सांगितले. ११:२४ ला ती पुन्हा उठली. ओठ सुजले होते आणि "जीभ जाड झाल्यासारखी वाटते" असे ती म्हणाली. बाईंनी तिला एका मैत्रिणीसोबत कार्यालयात पाठवले. दोघी दोन मजले जिने उतरून ११:२७ ला खाली पोहोचल्या. तोपर्यंत मानेवर आणि हातांवर गांधी उठल्या होत्या. कार्यालयातल्या कर्मचारी बाईंनी पाहताक्षणी म्हटले, "अगं, हे तर पित्त उठलंय."

कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असे ते बाहेर गेले होते. आईला फोन लावला, तो ११:३३ ला लागला. आईने प्रवासातूनच "आधी सिरप द्या, मी निघाले" असे सांगितले. ॲलर्जीवरचे सिरप मुलीच्या दप्तरात होते. ते वर्गातून आणून ११:३५ ला दिले. ११:३८ ला किल्ली आली, कपाट उघडले आणि पेन टेबलावर काढून ठेवले. याच सुमारास गांधी थोड्या फिक्या पडल्या, खाज कमी झाल्याचे मुलीने सांगितले आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

११:४२ ला खोकला सुरू झाला आणि आवाज घोगरा झाला. दमा असल्याचे माहीत असल्यामुळे ११:४४ ला तिचा पंप दिला. ११:४६ ला तिला उलटीची भावना झाली. खुर्चीवरून उठून बेसिनकडे जाताना तिचा तोल गेला आणि चेहरा पांढरा पडला. आवाज ऐकून खेळाचे शिक्षक आत आले. त्यांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले होते. त्यांनी तिला जमिनीवर आडवे केले, पेनावरच्या सूचना एकदा वाचल्या आणि ११:४९ ला गणवेशाच्या कापडावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन दिले. त्यानंतर रुग्णवाहिका बोलावली. ती १२:०६ ला आली. रक्तदाब अजूनही कमी असल्यामुळे रुग्णवाहिकेतच दुसरी मात्रा द्यावी लागली. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, सगळे शांत झाले असे वाटत असताना, रुग्णालयात गांधी आणि छातीतली घरघर पुन्हा सुरू झाली. तिच्यावर तिथेच उपचार झाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी सोडले.

शरीरात काय चालले होते

१९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए यांना कुत्र्यांवर प्रयोग करताना आढळले की समुद्रफुलाच्या विषाची जी अल्प मात्रा पूर्वी सोसली गेली होती, तीच काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यावर प्राणघातक ठरते. या उलट्या प्रकाराला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले आणि या संशोधनासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दिवशी मुलीला आलेली तीव्र प्रतिक्रिया म्हणजे हेच. आज आपल्याला माहीत आहे की ॲलर्जी असलेल्या मुलाच्या ऊतींमधील मास्ट पेशींवर (या रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशी) त्या विशिष्ट प्रथिनाला ओळखणारी आयजीई प्रतिपिंडे आधीच चिकटून बसलेली असतात. प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिन आणि इतर अनेक रसायने काही मिनिटांत मोकळी करतात. त्वचेत त्याच्या गांधी होतात, श्वासमार्गात सूज आणि आकुंचन होते, आतड्यांत कळ आणि उलटी होते. रक्तवाहिन्या सैलावून त्यांतला द्रव बाहेर झिरपला की रक्तदाब कोसळतो.

सिरप दिल्यावर बरे वाटण्याचा अर्थ इथे कळतो. ॲलर्जीवरची नेहमीची औषधे हिस्टामिनला त्वचेत अडवतात, त्यामुळे खाज आणि गांधी कमी होतात. सुजणारा घसा, आवळणारा श्वासमार्ग आणि घसरणारा रक्तदाब यांना ती थोपवू शकत नाहीत. ॲड्रेनॅलिन मात्र रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींमधून आणखी रसायने सुटणेही कमी करते. म्हणून ११:३५ ते ११:४२ या सात मिनिटांत त्या खोलीत सगळे ज्या खुणेकडे पाहत होते ती, म्हणजे त्वचा, सुधारत होती आणि ज्याकडे कोणाचे लक्ष नव्हते ते बिघडत होते.

इथे एक भाषेची गोष्टही नोंदवावीशी वाटते. "पित्त उठलंय" हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका रुळलेला आहे की त्याबरोबर घरगुती, थोडेसे कंटाळवाणे, थांबले तरी चालेल असे दुखणे डोळ्यांसमोर येते. त्या कर्मचारी बाईंनी वर्णन चुकीचे केले नव्हते, पण एकदा ते नाव पडल्यावर पुढच्या पंधरा मिनिटांत खोलीत आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितले गेले. मुलीच्या फायलीत असलेला "तीव्र ॲलर्जी" हा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाही.

किल्लीबद्दल

समितीच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांचे एकमत झाले होते की दोष किल्लीचा आहे. औषध कुलुपात ठेवले, किल्लीवाला बाहेर गेला आणि वेळ वाया गेला, हे कारण सोपे होते आणि त्यावरचा उपाय त्याहून सोपा होता. वेळेचा तक्ता मांडल्यावर हे कारण अपुरे ठरले. किल्ली ११:३८ ला आली होती. इंजेक्शन ११:४९ ला दिले गेले. मधली ११ मिनिटे पेन टेबलावर, तीन मोठ्या माणसांच्या हाताच्या अंतरावर पडून होते.

त्या तिघांशी मी स्वतंत्रपणे बोलले. एकीला भीती होती की गरज नसताना इंजेक्शन दिले तर मुलीच्या हृदयाला अपाय होईल. दुसऱ्यांना वाटत होते की आई निघाली आहे, तर सुई टोचायची की नाही हे तिनेच ठरवलेले बरे. तिसऱ्यांनी सांगितलेले कारण मला सर्वांत प्रामाणिक वाटले: यादीतली नेमकी किती लक्षणे दिसली म्हणजे पुरेसे, हे त्यांना कळत नव्हते आणि आपण घाबरट ठरू अशी शंका मनात होती. तिघांपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. निर्णयाचा अधिकार आपला आहे असे मात्र तिघांपैकी कोणालाच वाटत नव्हते, कारण तसे त्यांना कधी कोणी सांगितलेच नव्हते. मला या प्रकरणाचे मूळ इथे दिसते. कपाटाला कुलूप नसते, तरीही ती अकरा मिनिटे गेलीच असती.

भीतीचा पहिला भाग वस्तुस्थितीला धरून नाही. एरवी निरोगी असलेल्या मुलाला मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनची योग्य मात्रा दिली, तर काही काळ धडधड, थरथर आणि चेहरा पांढरा पडणे एवढाच त्रास सहसा होतो. उशिराची किंमत मात्र मोठी असते. ब्रिटनमधील ॲनाफिलॅक्सिसमुळे झालेल्या मृत्यूंचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की अन्नामुळे प्रतिक्रिया आलेल्यांमध्ये श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ ३० मिनिटांचा होता, म्हणजे निम्म्यांच्या बाबतीत तो याहूनही कमी होता. तो आकडा वाचल्यावर मी पुन्हा आमच्या तक्त्याकडे पाहिले. आमच्या २९ मिनिटांतली काही मिनिटे जिन्यात, काही फोनवर आणि सर्वांत जास्त मिनिटे एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्यात गेली होती.

इतर दुवे

बरणीचा प्रश्न आधी अनेकांना अविश्वसनीय वाटला. शेंगदाण्याच्या एका दाण्यात साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन असते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये शेंगदाण्यासाठी सुचवलेली संदर्भ मात्रा २ मिलिग्रॅम प्रथिनाची आहे, म्हणजे दाण्याचा शंभरावा भाग. बहुसंख्य ॲलर्जीग्रस्तांना तेवढ्याने काही होत नाही, थोड्यांना होते. ब्रश पुन:पुन्हा ओठांत धरणाऱ्या मुलीच्या पोटात तेवढे जाणे अवघड नव्हते. ॲलर्जी म्हटले की शाळेचे लक्ष डब्याच्या सुट्टीकडे जाते, परंतु वर्गात येणाऱ्या वस्तूंतही अन्न असते: विकतच्या खेळण्याच्या मऊ पिठात अनेकदा गहू असतो, हस्तकलेसाठी अंड्यांचे रिकामे ट्रे आणले जातात, प्रयोगासाठी दुधाच्या पिशव्या येतात. ज्या मुलीसमोर कोणी खाऊचा डबा उघडला असता, तर दहा जण सावध झाले असते, तिच्यासमोर ठेवलेल्या पाण्याच्या बरणीकडे कोणी पाहिले नाही.

बदली शिक्षिकेला काहीच माहीत नव्हते, कारण माहिती फायलीत होती आणि फाइल कार्यालयात होती. याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही. ही चूक सरळ आहे आणि बहुतेक शाळांत ती आजही होत असेल.

जिना आणि खुर्ची यांबद्दल मात्र लिहायला हवे. रक्तदाब घसरत असताना मुलाला चालवले किंवा एकदम उभे केले, तर हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते आणि क्षणार्धात शुद्ध हरपू शकते. उभे केल्यानंतर लगेच मृत्यू ओढवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा मुलाला आडवे करून पाय वर उचलायचे असतात. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर पाय पसरून बसू द्यायचे, उलटी होत असेल तर कुशीवर वळवायचे, आणि औषध मुलाकडे न्यायचे. त्या दिवशी आम्ही मुलीला औषधाकडे चालत नेले होते. तिला खाली नेणारी मैत्रीण नंतर कितीतरी दिवस आपलेच काहीतरी चुकले असे म्हणत रडत होती, आणि तिच्याशी कोणीतरी बोलायला हवे हे आम्हाला पंधरा दिवसांनी सुचले.

आणखी एक बाब तपासताना सहज हाती लागली. पेन ०.१५ मिलिग्रॅमचे होते. मात्रेचा हिशोब वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असा असतो. पहिला फॉर्म भरला तेव्हा मुलीचे वजन १७ किलो होते. घटनेच्या वेळी ते २८ किलो होते. मुदत संपली की नवे पेन येत होते, पण डॉक्टरांच्या जुन्याच चिठ्ठीवर. दरवर्षी फॉर्मवरची तारीख बदलली गेली, वजनाचा रकाना कोणी वाचला नाही. दुसरी मात्रा लागण्यामागे हेच कारण होते असे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण पुरेशी मात्रा दिल्यावरही पाच ते पंधरा मिनिटांत दुसरी लागू शकते. पण त्या मुलीला हवी होती त्याच्या जवळपास निम्मीच मात्रा मिळाली, हे खरे आहे.

काय बदलले आणि काय बदलले नाही

पालकसभेत शाळेत शेंगदाण्यावर संपूर्ण बंदी घालण्याची मागणी झाली. मागणीमागची कळकळ समजण्यासारखी होती आणि पहिल्यांदा माझाही कल तिकडेच होता. समितीने उपलब्ध अभ्यास पाहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांच्या २०१७ मधील अभ्यासात, शेंगदाणामुक्त म्हणवणाऱ्या शाळांत ॲड्रेनॅलिन देण्याचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी आढळले नाही. जेवणासाठी वेगळी शेंगदाणामुक्त टेबले असलेल्या शाळांत ते कमी होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही सरसकट बंदीऐवजी कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रत्येक मुलाची लेखी कृती-योजना आणि शाळेकडे स्वतःचे ॲड्रेनॅलिन यांवर भर दिला आहे. अर्थात उपलब्ध पुरावा कमी खात्रीचा असल्याचे त्यांनीच म्हटले आहे. आमच्या प्रकरणात तर बंदी असती तरी रिकामी बरणी रिकामी म्हणूनच आत आली असती. बंदी नाकारली गेली. अन्नाचे डबे आणि बरण्या हस्तकलेत वापरणे मात्र पूर्ण थांबवले आणि खाल्ल्यानंतर साबणाने हात धुणे सक्तीचे केले. २००४ च्या एका प्रयोगात साबण-पाण्याने हातांवरचे शेंगदाण्याचे प्रथिन निघून गेले होते. जंतुनाशक जेल आणि नुसते पाणी वापरलेल्या काही हातांवर ते उरले होते.

वेगळ्या टेबलाची सूचनाही आली, पण मुलगी आणि तिचे पालक या दोघांनीही ती नाकारली. तिचे म्हणणे होते की ती एकटी बसली की प्रत्येक नवा मुलगा कारण विचारतो. तिच्या शेजारी कोणी बसायचे, याची व्यवस्था वर्गातल्या मुलांनीच केली.

औषधाच्या बाबतीत दोन गोष्टी झाल्या. मुलीची दोन पेने, आता ०.३ मिलिग्रॅमची, एका पिशवीत तिच्याबरोबर तासागणिक फिरतात. वर्ग बदलला की पिशवी त्या तासाच्या शिक्षकाच्या हाती जाते, त्यामुळे बदली शिक्षकालाही ती आपोआप मिळते आणि तिच्यातला एक पानी कागदही. दुसरी गोष्ट म्हणजे कोणा एका मुलाच्या नावाची नसलेली शाळेची स्वतःची पेने प्रत्येक मजल्यावर बिनकुलपाच्या पेटीत ठेवण्याचा ठराव. अशी मुभा कायद्याने ठिकठिकाणी वेगवेगळी आहे: ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळांना चिठ्ठीशिवाय पेने विकत घेता येतात आणि अमेरिकेत २०१३ च्या संघीय कायद्याने राज्यांना त्यासाठी प्रोत्साहन दिले. ज्या मुलांची ॲलर्जी अजून कोणालाच माहीत नाही, त्यांना या पेटीचा सर्वांत जास्त उपयोग आहे. मॅसॅच्युसेट्समधल्याच आधीच्या एका पाहणीत, शाळेत ॲड्रेनॅलिन द्यावे लागलेल्यांपैकी सुमारे २४ टक्के व्यक्तींची ॲलर्जी शाळेला ठाऊक नव्हती.

कागदावरची लक्षणांची यादी आम्ही काढून टाकली. तिच्या जागी तीन प्रश्न आहेत: श्वास, आवाज किंवा गिळणे यात काही बदल आहे का, मूल पांढरे पडले, गळून गेले किंवा चक्कर येते म्हणाले का, त्वचेबरोबर पोटाचाही त्रास सुरू झाला आहे का. एकाचेही उत्तर "हो" आले की आधी इंजेक्शन, मग रुग्णवाहिका, मग पालकांना फोन. दम्याचा पंप इंजेक्शननंतर. मूल स्वतः "मला तसंच होतंय" म्हणाले तर तेही "हो" समजायचे. जीभ जाड झाली, घशात केस अडकला, कान आतून खाजतात अशा शब्दांत मुले हे सांगतात. कागदाच्या तळाशी मुख्याध्यापक आणि पालक या दोघांच्या सह्यांनिशी एक वाक्य आहे: त्या क्षणी जो कोणी मोठा माणूस जवळ असेल, निर्णय त्याचा, आणि सद्हेतूने दिलेल्या इंजेक्शनबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही. या वाक्यावर सर्वांत जास्त वाद झाला. दोन बैठका त्यातच गेल्या, आणि दोन्ही वेळा त्याची बाजू मुलीच्या आईने लावून धरली, जिने त्या दिवशी फोनवर सिरप द्यायला सांगितले होते.

दोन महिन्यांनी पूर्वसूचना न देता सराव घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात "लक्षण" सांगितल्यापासून सुई नसलेले सरावाचे पेन मांडीला लागेपर्यंत साडेपाच मिनिटे लागली. त्यातली जवळजवळ दोन मिनिटे पेन कोणत्या टोकाने धरायचे यात गेली, आणि शिक्षकांनी शेवटी ते उलटे धरले. खरे पेन असते तर सुई त्यांच्याच अंगठ्यात गेली असती. तेव्हापासून सरावाचे पेन शिक्षकांच्या खोलीत चहाच्या टेबलावर पडलेले असते आणि येता-जाता कोणीही ते हातात घेऊन पाहते. पुढच्या सरावाला पावणेदोन मिनिटे लागली. सहलीच्या दिवशी ही पिशवी कोणाच्या खांद्यावर असावी, हा प्रश्न अजून बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.